सतरा अँपिअरचा कॉम्प्रेसर, बारा अँपिअरचा कॉन्टॅक्टर

आमच्या गावच्या सार्वजनिक अभ्यासिकेत साडेआठ टन क्षमतेचे एक डक्टेबल, म्हणजे पन्हाळीतून खोलीभर गार हवा सोडणारे, वातानुकूलन यंत्र आहे. नागपुरातील एक दुकान बंद झाले, तेव्हा तेथील हे यंत्र गावच्याच एका सद्गृहस्थांनी विकत घेऊन अभ्यासिकेला दिले, त्यामुळे ते आमच्याकडे आले तेव्हाच जुने होते. वरूड-मोर्शीच्या या संत्रापट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि राज्यसेवेची, पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली घरच्या पत्र्याखाली बसू शकत नाहीत म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत येथेच असतात. एवढ्या मोठ्या खोलीला दोन-तीन मोठे कूलर पुरले असते, असे म्हणणारे लोक गावात आहेत. परंतु कूलर थंडावा देतो तो पाण्याच्या जोरावर, आणि ज्या भागात बोअर आठशे फुटांखाली जाऊनही कोरड्या निघतात, तेथे उन्हाळाभर कूलरच्या टाक्या भरत बसणे मला पटत नाही. शिवाय मृग लागला की हवेत दमटपणा येतो आणि कूलर नुसते वारे ढकलत राहतो.

निवृत्तीपूर्वी मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. त्यामुळे अभ्यासिकेतील विजेचे जे काही असेल ते माझ्याकडे येते. या यंत्राचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलण्याचे काम आले तेही असेच. काम वरवर पाहता लहान होते, पण त्याच्या मुळाशी जाताना बरेच काही उलगडत गेले, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

तक्रार अशी होती की, सायंकाळी दिवे लागल्यानंतर कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी गच्चीवरील आउटडोअर युनिटमधून टरटर असा आवाज येई, खोलीतील दिवे लुकलुकत आणि मग कधी कॉम्प्रेसर उचल घेई, तर कधी जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा ओव्हरलोड रिले पडून सारे शांत होई. दुपारी मात्र हेच यंत्र विनातक्रार सुरू होत असे. काही दिवसांनी टरटर थांबली आणि तिच्या जागी अधिक वाईट गोष्ट आली. खोली पुरेशी गार झाल्यावर थर्मोस्टॅटने यंत्र बंद केले तरी कॉम्प्रेसरच्या एका टर्मिनलवर फेज तसाच राहू लागला. कॉन्टॅक्टरमध्ये प्रत्येक फेजसाठी एक पोल असतो, त्यांपैकी एका पोलचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. उरलेले दोन पोल उघडत असल्यामुळे मोटर फिरत नव्हती, पण यंत्र बंद आहे असे समजून कोणी झाकण उघडून हात घातला असता तर अनर्थ झाला असता. मी त्याच वेळी मुख्य एमसीबी पाडला आणि मुलांना यंत्र वापरू नका म्हणून सांगितले.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी फ्रिज-एसीची दुरुस्ती करतो. त्याला बोलावले. त्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "सर, पॉइंट चिकटले. दुसरा टाकून देतो, अर्ध्या घंट्याचं काम हाय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, कॉन्टॅक्टर बदलणे हे खरोखर अर्ध्या तासाचेच काम आहे. परंतु हाच कॉन्टॅक्टर दोन उन्हाळ्यांपूर्वी कोणीतरी नवा म्हणूनच बसवला होता, आणि तो इतक्यात का जळला हे कळल्याशिवाय दुसरा बसवणे म्हणजे त्यालाही जाळायला बसवणे होते. मी त्याला म्हटले, "आधी त्याच्यावर काय लिहिलं आहे ते वाच."

कॉन्टॅक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. आतील कॉइलला वीज मिळाली की लोखंडी गाभा खाली खेचला जातो आणि तिन्ही फेजचे पॉइंट एकदम मिटतात. कॉइलची वीज गेली की स्प्रिंग ते उघडते. थर्मोस्टॅट, टायमर, प्रेशरचे कटआउट या सर्व नाजूक वस्तूंना कॉम्प्रेसरचा प्रचंड प्रवाह स्वतःमधून जाऊ देणे शक्य नसते, म्हणून त्या केवळ कॉइलला हुकूम देतात आणि ओझे कॉन्टॅक्टर वाहतो. आता हे ओझे कोणत्या प्रकारचे आहे यावर त्याची क्षमता ठरते, आणि नेमकी येथेच बाजारात फसगत होते. आमच्या कॉन्टॅक्टरच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत २५ अँपिअर लिहिले होते. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर चालू प्रवाह १७ अँपिअर. म्हणजे पंचवीसचा कॉन्टॅक्टर सतराच्या यंत्राला भरपूर झाला, असे कोणालाही वाटेल. पण बाजूच्या बारीक तक्त्यात दोन आकडे होते: एसी-१ साठी २५ आणि एसी-३ साठी १२. (येथे एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे, तर विजेच्या भाराचा वर्ग.)

या दोन वर्गांतील फरक मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवत आलो आहे. एसी-१ म्हणजे हीटरसारखा रोधक भार, जो सुरू होताना कोणतीही उसळी मारत नाही. एसी-३ म्हणजे साधी पिंजरा-रोटर मोटर, जी सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते, आणि तो प्रवाह कॉन्टॅक्टरच्या मिटणाऱ्या पॉइंटांना सोसावा लागतो. सीलबंद कवचातील कॉम्प्रेसरच्या मोटरसाठी मानकात एसी-८ असा वेगळा वर्गही आहे, परंतु आपल्याकडील दुकानांत विचारणा आणि विक्री एसी-३ च्या आकड्यावरच होते आणि तेवढे पाहिले तरी पुरेसे असते. आमच्या कॉम्प्रेसरच्या पट्टीवर रोटर अडकलेल्या अवस्थेतील, म्हणजे सुरू होण्याच्या क्षणी ओढला जाणारा, प्रवाह ११८ अँपिअर लिहिला होता. बारा अँपिअर एसी-३ च्या कॉन्टॅक्टरला दिवसातून अनेक वेळा एवढ्या प्रवाहावर मिटायला लावणे हा त्याच्यावर अन्यायच होता. ज्याने तो बसवला त्याने दर्शनी आकडा पाहिला, तक्ता पाहिला नाही.

तरीही मला एवढ्याने समाधान झाले नाही. लहान क्षमतेमुळे पॉइंट लवकर झिजले हे खरे, पण दुपारी नीट आणि सायंकाळी टरटर, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. टरटर हे कॉइलचे लक्षण आहे, पॉइंटांचे नव्हे. म्हणून जुना कॉन्टॅक्टर काढून, हाताशी असलेला एक जास्त क्षमतेचा साधा कॉन्टॅक्टर चाचणीपुरता जोडला आणि मीटर लावून बसलो.

आमच्या भागात शेतीपंपांचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, वेगळे आणि गावठाणाचे वेगळे असले तरी दोन्हींचा उगम एकाच ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात आहे, त्यामुळे संत्र्याच्या बागांवरचे खोल बोअरचे पंप एकदम चालले की त्याचा ताण गावठाणाच्या विजेच्या दाबावरही, म्हणजे व्होल्टेजवरही, दिसतो. त्यात आंबिया बहाराच्या बागांना ऐन उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. दुपारी फेज आणि न्यूट्रलमधील दाब २२० च्या वर होता. सायंकाळी सातनंतर, घराघरांतील कूलर आणि दिवे सुरू झाल्यावर, आर फेजवर २१२, वाय फेजवर २०९ आणि बी फेजवर २०४-२०५ असा तो उतरला. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, आमची इमारत शेवटच्या खांबावर आहे, हेही त्याचे एक कारण. ज्या रात्री शेतीच्या फीडरला थ्री फेजची पाळी असते त्या रात्री बी फेजवर १९० सुद्धा दिसले.

आता २३० व्होल्टच्या साध्या कॉइलसाठी मानक असे सांगते की, नियत दाबाच्या ८५ टक्के ते ११० टक्के या मर्यादेत तिने कॉन्टॅक्टर नीट मिटवला पाहिजे. ८५ टक्के म्हणजे १९५ व्होल्ट. सायंकाळचे २०५ या मर्यादेच्या वर आहेत. मग टरटर का? म्हणून किमान दाब टिपून ठेवणारा मीटर घेतला आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याचा क्षण पकडला. मीटरपेटीपाशी बी फेज १८४ पर्यंत घसरला, आणि त्याच क्षणी गच्चीवर, युनिटच्या टर्मिनलवर, १७१.

येथे सारे कोडे सुटले. कॉइलला २०५ व्होल्ट मिळतात, ती पॉइंट मिटवते. पॉइंट मिटताच कॉम्प्रेसर शंभराच्या आसपास अँपिअर ओढतो. त्याने दाब १७१ वर येतो. कॉइलचा जोर सुटतो आणि पॉइंट उघडू लागतात. उघडताच प्रवाह थांबतो, दाब पुन्हा २०५ होतो आणि कॉइल पुन्हा ओढते. सेकंदात अनेक वेळा हे चालते आणि प्रत्येक वेळी पॉइंटांमध्ये ठिणगीची कमान पेटते, तीही चालू प्रवाहावर नव्हे तर सुरुवातीच्या प्रवाहावर. दारापाशी उभे राहून स्वतःच दार लोटणाऱ्या आणि स्वतःच ओढणाऱ्या माणसाची जी गत होईल तीच या कॉन्टॅक्टरची झाली होती. कितीही मोठा कॉन्टॅक्टर आणला असता, तरी साध्या कॉइलने त्याचीही टरटर झालीच असती; तो फक्त काही महिने अधिक टिकला असता. आमच्या चाचणीच्या कॉन्टॅक्टरनेही सायंकाळी तसाच आवाज काढला, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यालाही ते पटले.

मीटरपेटी आणि युनिट यांच्यामधील तेरा व्होल्टची घट आमच्या स्वतःच्या केबलची होती. सत्तर मीटर लांबीची दहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ३.०८ ओहम, म्हणजे आमच्या लांबीला ०.२२ ओहमच्या आसपास. यंत्र चालू असताना १७ अँपिअरला ही घट पावणेचार व्होल्टची, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी. सुरू होताना मात्र प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि त्या वेळी शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) कमी असल्यामुळे सरळ गुणाकाराएवढी नसली, तरी दहा-बारा व्होल्टची घट सहज होते. हिशेब आणि मीटर यांचे उत्तर जुळले. पंचवीस चौरस मिलिमीटरची केबल घातली तर रोध किलोमीटरला १.२० ओहमवर येतो आणि घट तेराची पाच होते. म्हणजे युनिटपाशी १८० च्या आसपास दाब राहील. हे चांगलेच, पण १९५ ला तरीही कमीच. मीटरपेटीच्या अलीकडची घट आमच्या हातात नव्हती.

तेव्हा केबल बदलूनही कॉइलचा प्रश्न उरत होता. पर्याय तीन दिसले. कॉइलसाठी लहान स्टॅबिलायझर वेगळा बसवणे हा एक. परंतु रिले-पद्धतीचा स्टॅबिलायझर एवढ्या क्षणिक घसरणीला पुरेशा चपळाईने उत्तर देत नाही, आणि गच्चीवरच्या उन्हात बिघडणारी आणखी एक वस्तू वाढते. दुसरा, ४१५ व्होल्टची कॉइल दोन फेजमध्ये जोडणे. याचा एक मोठा फायदा आहे की न्यूट्रलवर अवलंबून राहावे लागत नाही. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात, अर्थिंगचे खड्डे कोरडे होतात आणि न्यूट्रल ढिला झाला तर एका फेजवर तीनशे व्होल्ट येऊन कॉइल आणि बरेच काही जळते, हे मी गावात पाहिलेले आहे. पण ४१५ च्या कॉइललाही ८५ टक्क्यांचीच मर्यादा लागू होते, आणि नियंत्रणाच्या बारीक तारांत, थर्मोस्टॅटपर्यंत, ४१५ व्होल्ट खेळवणे मला सुरक्षित वाटले नाही.

तिसरा पर्याय इलेक्ट्रॉनिक कॉइलच्या कॉन्टॅक्टरचा. अशा कॉन्टॅक्टरमध्ये कॉइलच्या आधी एक लहान सर्किट असते, जे १०० ते २५० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब, एसी असो वा डीसी, स्वीकारते आणि कॉइलला नेहमी हवा तेवढाच जोर देते. तो एकतर पूर्ण मिटतो किंवा पूर्ण उघडतो. मधल्या अवस्थेत थरथरत नाही. किंमत त्याच क्षमतेच्या साध्या कॉन्टॅक्टरच्या जवळजवळ दुप्पट पडली. अभ्यासिकेच्या समितीत त्यावर थोडी चर्चा झाली, परंतु जळलेल्या कॉम्प्रेसरची किंमत सांगितल्यावर ती लवकर आटोपली.

या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा मात्र यापुढचा आहे. १०० व्होल्टलाही मिटून राहणारा कॉन्टॅक्टर बसवला म्हणजे टरटर थांबते, पण त्याबरोबर एक आडवळणाचे संरक्षणही निघून जाते. जुना कॉन्टॅक्टर दाब फार पडला की स्वतःच सुटत होता. कुरकुरत, ठिणग्या टाकत, पण सुटत होता. नवा सुटणार नाही. ज्या रात्री फेज-न्यूट्रल १९० असतो, त्या रात्री दोन फेजमधील दाब ३३० च्या आसपास येतो. आमच्या कॉम्प्रेसरच्या पट्टीवर ३८० ते ४२० व्होल्ट लिहिले आहेत आणि खालच्या बाजूस दहा टक्के सूट धरली तरी ३४२ च्या खाली तो चालवू नये. दाब कमी झाला की मोटर तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढते आणि तिचे वेटोळे तापते. नवा कॉन्टॅक्टर तिला निमूटपणे तशीच चालू ठेवील. म्हणून असा कॉन्टॅक्टर बसवणाऱ्याने दाबावर लक्ष ठेवणारा रिले बसवलाच पाहिजे. एक वस्तू दुसरीशिवाय आणू नये. माझ्या विद्यार्थ्याने आजवर एक-दोन ठिकाणी असे कॉन्टॅक्टर बसवले होते, पण दोन्ही ठिकाणी केवळ जुना सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर ठेवला होता. तो एखादा फेज गेला तर यंत्र बंद करतो, तिन्ही फेज सारखेच खाली आले तर गप्प बसतो.

आम्ही जो रिले घेतला तो दोन फेजमधील किमान आणि कमाल दाब, फेजमधील असमतोल, फेज तुटणे आणि फेजचा क्रम या सर्वांवर लक्ष ठेवतो. किमान दाब ३४५ वर लावला. विलंब पाच सेकंद ठेवला, कारण सुरू होताना दाब अर्ध्या सेकंदापुरता ३४५ च्या खाली जाणारच, आणि विलंब नसेल तर रिले प्रत्येक वेळी सुरुवातीलाच यंत्र पाडील. दाब सुधारल्यावर पुन्हा सुरू होण्याचा विलंब पाच मिनिटे. कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅसचा दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तीनएक मिनिटे लागतात. त्याआधी सुरू केला तर त्याला दाबाविरुद्ध उचल घ्यावी लागते.

खरेदी अमरावतीला झाली: ३२ अँपिअर एसी-३ चा इलेक्ट्रॉनिक कॉइलचा कॉन्टॅक्टर, त्याला जोडायचा सहायक पॉइंटांचा ठोकळा, रिले, पंचवीस चौरस मिलिमीटरची केबल, तारांच्या टोकांना लावायचे लग आणि केबलच्या छिद्रात बसवायचे ग्लँड. दुकानदाराला मी दर्शनी आकडा विचारला नाही. तक्त्यातील एसी-३ चे घर दाखवायला सांगितले.

प्रत्यक्ष कामाला सकाळी लवकर सुरुवात केली, कारण नऊनंतर गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावता येत नाही. मीटरपेटीतील एमसीबी पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले आणि पेटीवर काम चालू असल्याची पाटी टांगली. मल्टिमीटर आधी चालू प्लगवर तपासून मग युनिटच्या तिन्ही फेजवर लावला, वीज नव्हती. माझा विद्यार्थी पेचकस घेऊन पुढे झाला, तेव्हा मी त्याला थांबवून कॉइलच्या ए-१ टर्मिनलवर मीटर लावायला सांगितला. तेथे दोनशेच्या वर व्होल्ट होते. डक्टेबल यंत्रांत हा धोका फार ठिकाणी असतो: मोटरची वीज आउटडोअरच्या एमसीबीवरून येते, पण कॉइलचा हुकूम खोलीतील ब्लोअरच्या पॅनेलमधून, वेगळ्या एमसीबीवरून येतो. एक बंद केला म्हणजे पेटी मृत झाली असे समजणे जिवावर बेतू शकते. टेस्टरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर विसंबून काम करण्याची आपल्याकडील सवय तर मुळीच बरी नाही. खोलीतील एमसीबीही पाडला, पुन्हा तपासले आणि मगच तार सोडली.

सोडण्यापूर्वी प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि मोबाइलवर छायाचित्रे घेतली. कॉइलच्या वाटेत थर्मोस्टॅट, ब्लोअर चालू असल्याची खात्री करणारा पॉइंट, गॅसच्या उच्च आणि निम्न दाबाचे कटआउट, ओव्हरलोड आणि टायमर अशी मालिका होती. तीत नव्या रिलेचा पॉइंट वाढवला, म्हणजे यांपैकी कोणीही नकार दिला की कॉन्टॅक्टर सुटेल.

जुना कॉन्टॅक्टर उघडून पाहिला. एका पोलचे पॉइंट वितळून एकजीव झाले होते, दुसऱ्यावर खळगे पडले होते. तिसऱ्यावर चिरडलेल्या मुंग्यांचा काळा लेप होता. मुंग्या या पेट्यांत का शिरतात यावर निरनिराळी मते ऐकली आहेत, पण त्या शिरतात आणि पॉइंटांमध्ये सापडतात हे निश्चित. केबल आत येते त्या छिद्राला ग्लँड नव्हता, तीच त्यांची वाट होती. विद्यार्थ्याने विचारले की, चाचणीसाठी वापरलेल्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडले आहेत, ते पॉलिश पेपरने घासून घेऊ का? मी नको म्हटले. हे पॉइंट चांदीच्या मिश्रणाचे असतात आणि त्यांच्यावर येणारा काळपटपणा वीज अडवत नाही. घासल्याने केवळ चांदी कमी होते आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन ठिणगीला अधिक वाव मिळतो. खळगे खोल असतील तर कॉन्टॅक्टर बदलावा, नसतील तर त्याला हात लावू नये.

पेटीच्या कोपऱ्यात दोन तारा टेपने गुंडाळून सोडून दिलेल्या आढळल्या. माग काढला तेव्हा त्या कॉम्प्रेसरच्या क्रँककेस हीटरच्या निघाल्या. कॉम्प्रेसर बंद असताना त्याच्या तळाचे तेल कोमट ठेवणारा हा पट्टा कॉन्टॅक्टरच्या सहायक एनसी पॉइंटवरून चालतो: कॉन्टॅक्टर सुटला की हीटर सुरू, मिटला की बंद. मागच्या वेळी बसवलेल्या कॉन्टॅक्टरला एनसी पॉइंटच नव्हता, म्हणून हीटर सोडून दिला गेला. मे महिन्यात त्याची उणीव भासत नाही. पण हिवाळ्यात आणि पावसाळी रात्री गार पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये द्रव गॅस तेलात मिसळतो आणि सुरू होताना तेल फेसाळून बाहेर पडते. नव्या ठोकळ्यातील २१-२२ या पॉइंटवर हीटर पुन्हा जोडला.

नवा कॉन्टॅक्टर डिन रेलवर उभा बसवला. ॲल्युमिनियमची जाड केबल थेट कॉन्टॅक्टरमध्ये न नेता युनिटजवळच्या आयसोलेटरवर (वीज तोडण्याच्या हाताच्या स्विचवर) द्विधातू लग लावून संपवली आणि तेथून पुढे सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली. ॲल्युमिनियम आणि तांबे यांची सरळ गाठ मारली तर पावसाळ्यात तो जोड गंजतो आणि उन्हाळ्यात तापतो. एकही तारकाडी न कापता लग दाबले आणि स्क्रू आवळून प्रत्येक तार ओढून पाहिली. ग्लँड बसवले. पेटीवर पश्चिमेचे ऊन थेट येत होते, तिकडे थोडे अंतर सोडून पत्र्याचा आडोसा केला, कारण कॉन्टॅक्टरची क्षमताही सभोवतालच्या उष्णतेनुसार घटते.

वीज दिली. रिलेने लाल दिवा दाखवला: फेजचा क्रम उलटा. केबल बदलताना असे होऊ शकते. हा स्क्रोल कॉम्प्रेसर असल्यामुळे उलटा फिरला असता तर मोठ्याने खडखडला असता आणि थंडावा काहीच दिला नसता. सारे पुन्हा बंद करून आयसोलेटरवर दोन तारा अदलाबदल केल्या. यापुढे डीपीवर काम करताना कोणी फेज फिरवला, तर यंत्र सुरूच होणार नाही. त्यानंतर हीटरला रात्रभर चालू ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरच्या तळाला हात लावून तो कोमट असल्याची खात्री केल्यावर यंत्र सुरू केले.

खरी परीक्षा सायंकाळची होती. साडेसातला बी फेज २०५ असताना यंत्र सुरू केले. एकच ठाम ठक् असा आवाज आला आणि कॉम्प्रेसरने उचल घेतली. युनिटपाशी किमान दाब १७९ टिपला गेला. तारेभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या टोंग टेस्टरवर तिन्ही फेजचे प्रवाह १५.४, १६.३ आणि १६.९ असे होते. कॉन्टॅक्टरच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमधील दाबाची घट तिन्ही पोलवर काही दशक मिलिव्होल्ट आणि एकसारखी भरली. जुन्या कॉन्टॅक्टरच्या खळगे पडलेल्या पोलवर हीच घट, तो चालू असताना, सहाशेच्या पुढे होती. सतरा अँपिअरला याचा अर्थ दहा वॉटची उष्णता त्या एवढ्याशा जागेत. रिले तपासण्यासाठी यंत्र बंद करून एक फ्यूज काढला आणि सुरू करून पाहिले. त्याने परवानगी दिली नाही.

त्यानंतर शेतीच्या थ्री फेजच्या पाळीच्या रात्री रिलेने यंत्र अनेकदा थांबवले आहे. मुलांना हे सुरुवातीला आवडले नाही. जुना कॉन्टॅक्टर आवाज करीत का होईना, अशा रात्री यंत्र सुरू करून देत असे. नवा महाग असूनही बंद ठेवतो, अशी त्यांची तक्रार होती. एकदा बंद पडल्यावर गावचा दाब थोडा वाढतो, पाच मिनिटांनी यंत्र सुरू होते, दाब पुन्हा घसरतो आणि ते पुन्हा बंद पडते, असेही होते. म्हणून लागोपाठ दोनदा थांबले तर त्या रात्रीपुरते खोलीतील एमसीबी पाडून पंखे लावावेत, असे ठरवले आहे आणि तशी पाटी पॅनेलवर चिकटवली आहे.

प्रवाहातील असमतोल अजून आहे. दोन फेजमधील दाबात एक टक्का फरक असला तरी मोटरच्या प्रवाहात तो कित्येक पटींनी वाढून दिसतो, आणि आमच्या डीपीच्या बी फेजवर घरांच्या जोडण्या अधिक आहेत. त्या वाटून देण्यासाठी सायंकाळच्या नोंदींसह वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात अर्ज दिला असून लाइनमन खांबांची पाहणी करून गेला आहे. जोडण्या बदलल्या की रिलेची असमतोलाची मर्यादा आणखी खाली आणता येईल. तोपर्यंत महिनाअखेर एकदा, थंड वेळी आणि दोन्ही एमसीबी पाडून, नव्या लगांचे स्क्रू पुन्हा आवळून पाहायचे आहेत, कारण उन्हाने तापून आणि रात्री निवून ॲल्युमिनियमचे जोड पहिल्याच उन्हाळ्यात सैल होतात.